सीओसीची मुदत आणि नूतनीकरण: कोणती तारीख कुठे अडवते?

दर्यासारंग

व्यापारी जहाजांवरच्या डेक, इंजिन आणि इलेक्ट्रो-टेक्निकल अधिकाऱ्यांच्या सीओसीच्या (सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी, म्हणजे पदासाठी पात्र असल्याचं प्रमाणपत्र) नूतनीकरणाबद्दलची माहिती तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली आहे. ती एका जागी यावी म्हणून हा धागा काढतो आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकीचं काही दिसलं तर लगेच सांगावं.

पाच वर्षं हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. घोळ होतो तो त्या पाच वर्षांच्या पोटात चालणाऱ्या इतर मुदतींमुळे. सीओसी आणि तिच्यासोबतचं एंडोर्समेंट (प्रशासनाने दिलेला अधिकृत शेरा), जीएमडीएसएसचं (संकटकाळच्या सागरी रेडिओ यंत्रणेचं) प्रमाणपत्र, टँकरची एंडोर्समेंट्स, जीवरक्षण आणि अग्निशमनाचे रिफ्रेशर, वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि जहाज दुसऱ्या देशाच्या झेंड्याखाली असेल तर त्या देशाचं मान्यता एंडोर्समेंट. यातलं जे सगळ्यात आधी संपतं ते तुम्हाला किनाऱ्यावर बसवतं, आणि बहुतेक वेळा ती तारीख सीओसीवर छापलेली नसते.

मूळ आधार १९७८ चा एसटीसीडब्ल्यू करार, म्हणजे खलाशांचं प्रशिक्षण, प्रमाणपत्रं आणि पहारा यांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार. त्यात १९९५ साली आणि मग २०१० साली मनिला इथे मोठ्या दुरुस्त्या झाल्या. मनिला दुरुस्त्या १ जानेवारी २०१२ ला लागू झाल्या आणि त्यांचा संक्रमणकाळ १ जानेवारी २०१७ ला संपला. नूतनीकरणाचा नियम पहिल्या प्रकरणातला अकरावा, म्हणजे १/११. मास्टर, अधिकारी आणि रेडिओ ऑपरेटर यांनी जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने दोन गोष्टी सिद्ध करायच्या: शरीर कामाला योग्य आहे आणि व्यावसायिक क्षमता टिकून आहे.

क्षमता कशी सिद्ध करायची ते संहितेच्या ए-१/११ मध्ये आहे. पाचांपैकी कोणताही एक मार्ग चालतो. मागच्या पाच वर्षांत एकूण १२ महिने, किंवा नूतनीकरणाच्या लगेच आधीच्या सहा महिन्यांत एकूण ३ महिने मान्य समुद्रसेवा, आणि तीही प्रमाणपत्राला साजेशा कामाची. हा पहिला मार्ग. दुसरा, समुद्रसेवेच्या तोडीचं मानलं जाणारं काम. तिसरा, मान्य परीक्षा. चौथा, मान्य अभ्यासक्रम. पाचवा मार्ग फारसा कोणी वापरत नाही: ज्या हुद्द्याचं प्रमाणपत्र आहे त्यावर रुजू होण्याच्या लगेच आधी किमान ३ महिने सुपरन्युमररी (नेमून दिलेल्या माणसांव्यतिरिक्तचा जादा अधिकारी) म्हणून किंवा खालच्या अधिकारी हुद्द्यावर सेवा.

हे कराराचं किमान आहे. तुमची सीओसी देणारं प्रशासन याहून कडक अट घालू शकतं, सैल घालू शकत नाही. म्हणून या धाग्यातलं सगळं वाचून झाल्यावरही शेवटचा शब्द तुमच्या प्रशासनाच्या चालू परिपत्रकाचाच.

पहिला_पहारा

उपयुक्त धागा. एक शंका. "मागच्या पाच वर्षांत १२ महिने" ही पाच वर्षं कुठून मोजायची? सीओसी मिळाल्यापासून, की मुदत संपण्याच्या तारखेपासून उलटी?

नोंदवही

नूतनीकरणाच्या तारखेपासून मागे मोजायची. ती खिडकी सरकती आहे, आणि हे लक्षात न आल्यामुळेच भरपूर सेवा असलेले लोक अडकतात.

उदाहरण घ्या. सीओसीची मुदत ३० जून २०२७ ला संपते. सेवा दोन तुकड्यांत आहे: १० जानेवारी ते ९ जुलै २०२२ असे सहा महिने आणि १ फेब्रुवारी ते ३१ जुलै २०२४ असे सहा महिने. बेरीज बरोबर बारा. नूतनीकरण १० जानेवारी २०२७ ला झालं तर खिडकी १० जानेवारी २०२२ पासून उघडते आणि दोन्ही तुकडे पूर्ण बसतात. तेच १५ मार्च २०२७ ला केलं तर पहिल्या तुकड्यातले सुरुवातीचे दोन महिने गळतात आणि हातात ९ महिने २५ दिवस उरतात. "मुदत आहे ना अजून" म्हणत ३० जूनपर्यंत थांबलं तर पहिल्या तुकड्यातले जेमतेम दहा दिवस उरतात, म्हणजे एकूण साधारण सव्वासहा महिने. सेवा तीच, सीओसी तीच, फक्त थांबण्याने पात्रता गेली.

तीन महिन्यांच्या पर्यायाचंही तसंच. १ जानेवारीला साइन-ऑन आणि ३१ मार्चला साइन-ऑफ असेल तर ते तीन महिने जूनअखेरपर्यंतच पूर्ण मोजले जातात. १५ जुलैला कागद दिले तर अडीच महिने भरतील आणि अर्ज परत येईल. शिवाय हे तीन महिने आपल्या हुद्द्यावर करायचे तर त्या काळात सीओसी जिवंत असावी लागते. मुदत संपलेल्या सीओसीवर तीन महिन्यांची सेवा "करून घेऊ" असा बेत कोणी आखत असेल तर तो चालणार नाही. तिथे सुपरन्युमररी म्हणून जाणं हीच वाट.

अजून एक गोष्ट आधीच विचारून ठेवा. प्रशासन कोणती तारीख धरतं: अर्जाची, नवं प्रमाणपत्र निघाल्याची, की जुनं संपण्याची? सगळीकडे एकच पद्धत नाही. काही ठिकाणी मुदतीच्या शेवटच्या काही महिन्यांत अर्ज केला तर नवी पाच वर्षं जुन्या मुदतीच्या शेवटापासून धरतात, म्हणजे लवकर अर्ज केल्याने दिवस वाया जात नाहीत. काही ठिकाणी नवं प्रमाणपत्र निघाल्याच्या दिवसापासून मोजतात. पहिली पद्धत असेल तर लवकर अर्ज न करायला काहीच कारण नाही.

इंजिनकंट्रोल

नोंदवहींशी सहमत. सेवेच्या "दर्जा"बद्दल थोडं.

करारात शब्द आहेत ते "प्रमाणपत्राला साजेसं काम". इंजिन अधिकाऱ्याच्या बाबतीत याचा पहिला अर्थ प्रपल्शन पॉवर, म्हणजे जहाज पुढे ढकलणाऱ्या इंजिनाची ताकद. ३/१ खालचा पहारा अधिकारी ७५० किलोवॅट आणि त्यावरच्या यंत्रांसाठी. व्यवस्थापन पातळीत ३/२ हे ३००० किलोवॅट आणि त्यावर, ३/३ हे ७५० ते ३००० च्या दरम्यान. कोणाकडे ३/२ ची चीफ इंजिनिअरची सीओसी असेल आणि पाच वर्षं तो लहान टगवरच असेल, तर कागदावर महिने भरतात पण प्रशासन विचारणार की ही सेवा कोणत्या प्रमाणपत्राला साजेशी? नूतनीकरण होतं, पण पॉवरची मर्यादा घालून, असा निकाल येऊ शकतो.

डेकला हेच टनेजबद्दल. २/२ मध्ये ३००० ग्रॉस टन आणि त्यावर एक गट, ५०० ते ३००० हा दुसरा. ५०० च्या खाली २/३. किनारपट्टीलगतच्या मर्यादित प्रवासांच्या सेवेलाही हाच प्रश्न लागतो.

म्हणून सेवापत्रात "सेकंड इंजिनिअर म्हणून काम केले" एवढ्यावर भागत नाही. जहाजाचं नाव, आयएमओ क्रमांक, झेंडा, प्रकार, ग्रॉस टनेज, मेन इंजिनची किलोवॅटमधली पॉवर, इंजिन मोटर की स्टीम, प्रवासक्षेत्र, हुद्दा, साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या तारखा, आणि पहारा केला असेल तर त्याचा उल्लेख हवा. पॉवर किलोवॅटमध्येच घ्या. बीएचपीमध्ये (अश्वशक्तीत) लिहिलेली पत्रं स्पष्टीकरणासाठी परत येतात.

जहाज ले-अप (कामाविना नुसतं उभं) असतानाचे किंवा लांब ड्रायडॉकचे (गोदीतल्या दुरुस्तीचे) महिने सेवेत धरायचे की नाही यावर प्रशासनांची मतं वेगळी आहेत. सगळी बेरीज त्यांच्यावरच उभी असेल तर अर्जाआधी लेखी विचारा.

नोंदवही

+१. त्यात भर: सेवापत्र साइन-ऑफच्या दिवशीच घ्या. कंपनी बदलते, जहाज विकलं जातं, व्यवस्थापन दुसऱ्याकडे जातं, आणि चार वर्षांनी त्या सेवेचं पत्र द्यायला कोणी जबाबदार उरत नाही. पत्रावर मालकाची किंवा जहाज व्यवस्थापक कंपनीची सही हवी की मॅनिंग एजंटची (जहाजांना माणसं पुरवणाऱ्याची) चालते, तेही पाहा. नुसती एजंटची सही अनेक ठिकाणी चालत नाही.

अर्ज परत येण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे सीमन्स बुक (खलाशाची सेवानोंद पुस्तिका) आणि सेवापत्र यांतल्या तारखा न जुळणं. सीमन्स बुकात मास्टरने गँगवेवर चढल्याचा दिवस लिहिलेला असतो, कंपनीचं पत्र पगारपत्रकावरून बनतं, त्यात घरून निघाल्यापासूनचे प्रवासाचे दिवस धरलेले असतात. दोन-तीन दिवसांचा फरकही शंकेला पुरेसा. मोजायचे ते जहाजावरचेच दिवस.

पहिला_पहारा

समजा जहाज समुद्रात आहे आणि मध्येच सीओसीची मुदत संपते. पुढच्या बंदरापर्यंत किंवा तीन महिने ती आपोआप चालू राहते असं बरेच जण सांगतात. खरं आहे का?

झेंडा_आणि_शिक्का

नाही. ही सवलत वैद्यकीय प्रमाणपत्राची आहे, सीओसीची नाही. या दोन्हींची गल्लत फार महाग पडते, म्हणून सविस्तर लिहितो.

वैद्यकीय प्रमाणपत्राचा नियम १/९. त्याची कमाल मुदत दोन वर्षं, वय १८ पेक्षा कमी असेल तर एक वर्ष. प्रवास चालू असताना ते संपलं तर करारातल्या सदस्य देशाने मान्य केलेला डॉक्टर उपलब्ध असलेल्या पुढच्या बंदरापर्यंत ते वैध राहतं, पण हा काळ तीन महिन्यांपेक्षा जास्त नको. तातडीच्या प्रसंगी प्रशासन वैध प्रमाणपत्राशिवायही पुढच्या बंदरापर्यंत काम करू देऊ शकतं. तिथेही मर्यादा तीन महिनेच, आणि नुकतंच संपलेलं प्रमाणपत्र जवळ असावं लागतं. मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ मध्येही हीच मांडणी आहे, आणि रंगदृष्टीच्या दाखल्याला तिथे कमाल सहा वर्षं दिली आहेत.

सीओसीला असं शेपूट नाही. ज्या मध्यरात्री तारीख उलटते त्या क्षणी तो अधिकारी कराराच्या दृष्टीने अपात्र. त्याच्यामुळे जहाज मिनिमम सेफ मॅनिंगच्या (सुरक्षिततेसाठी ठरवलेल्या किमान पात्र माणसांच्या) खाली जातं, आणि पोर्ट स्टेट कंट्रोलचा (बंदराच्या देशाकडून परदेशी जहाजांची तपासणी करणारा) अधिकारी जहाजावर चढल्यावर सुरुवातीलाच सेफ मॅनिंग डॉक्युमेंट आणि प्रमाणपत्रं शेजारी ठेवून पाहतो. परिणाम एका माणसापुरता राहत नाही, जहाज अडकू शकतं.

कराराच्या आठव्या अनुच्छेदातलं डिस्पेन्सेशन ही वेगळी गोष्ट. अपवादात्मक गरजेत प्रशासन एखाद्याला, त्याच्याकडे त्या पदाचं प्रमाणपत्र नसताना, ठरावीक जहाजावर जास्तीत जास्त सहा महिने काम करू देऊ शकतं. पण तो माणूस लगेच खालच्या पदासाठी पात्र असावा लागतो, आणि मास्टर किंवा चीफ इंजिनिअरच्या पदासाठी हे फक्त दैवी आपत्तीसारख्या प्रसंगात, तेही शक्य तितक्या कमी काळासाठी. नूतनीकरण विसरलं म्हणून ते मागायची सोय नाही.

हातात करारपत्र आलं की हिशोब करा: कराराचा काळ, अधिक वाढीव राहावं लागलं तर तेवढा काळ, अधिक उतरल्यावर नूतनीकरणाला लागणारा काळ. ही बेरीज कोणत्याही प्रमाणपत्राच्या मुदतीच्या पलीकडे जात असेल तर जाण्याआधीच नूतनीकरण करा. "रिलीव्हर वेळेवर येईल" हे गृहीत धरून कोणीही चढू नये.

मॅनिफोल्ड

टँकरवाल्यांसाठी लिहितो. इथे दुसरं घड्याळ चालतं.

टँकरच्या एंडोर्समेंटचं नूतनीकरण सीओसीपासून वेगळं आहे. अट अशी: मागच्या पाच वर्षांत त्या एंडोर्समेंटला साजेशी एकूण ३ महिने सेवा, नाहीतर मान्य अभ्यासक्रम. ऐकायला सोपं वाटतं. अडचण "त्या एंडोर्समेंटला साजेशी" या शब्दांत आहे. ५/१-१ खाली तेल आणि रसायन टँकर येतात. बेसिक दोघांचं मिळून एक, पण अॅडव्हान्स्ड तेलाचं वेगळं आणि रसायनाचं वेगळं. ५/१-२ म्हणजे द्रवरूप वायू, त्याचं बेसिकही वेगळं. एखाद्याकडे तिन्ही अॅडव्हान्स्ड असतील आणि पाच वर्षं तो फक्त क्रूड टँकरवर असेल, तर तेलाचं सहज नवं होतं आणि बाकी दोन त्या सेवेवर होत नाहीत.

ऑइल-केमिकल असा दुहेरी दाखला असलेल्या जहाजांवर तर हे हमखास बिघडतं. जहाज रसायनं वाहू शकतं, पण त्या तीन महिन्यांत फक्त पेट्रोलियम उत्पादनं वाहिली असतील तर रसायनाची सेवा कुठे झाली, असा प्रश्न येतो. म्हणून सेवापत्रात जहाजाचा प्रकार लिहून थांबू नका. प्रत्यक्ष वाहिलेले कार्गो आणि तुम्ही केलेली कामं लिहून घ्या: लोडिंग, डिस्चार्ज, प्रवासातली कार्गोची देखभाल, टँक क्लीनिंग, इनर्टिंग (टाकीत निष्क्रिय वायू भरणं) किंवा गॅस-फ्री करणं. इंजिन अधिकाऱ्यांनीही हे घ्यावं. कार्गो पंप, आयजी (इनर्ट गॅस) प्लांट, रीलिक्विफॅक्शन (वायू पुन्हा द्रव करणारा) प्लांट यांवरचं काम पत्रात आलं तर एंडोर्समेंटशी नातं स्पष्ट होतं.

दुसरं, अॅडव्हान्स्ड पहिल्यांदा मिळवण्याची अट आणि नूतनीकरणाची अट मिसळू नका. पहिल्यांदा मिळवताना बेसिक असावं लागतं, मग त्या प्रकारच्या टँकरवर ३ महिने, किंवा सुपरन्युमररी म्हणून किमान एक महिना आणि त्यात किमान तीन लोडिंग आणि तीन अनलोडिंग, शिवाय अॅडव्हान्स्ड कोर्स. हा एक महिना प्रवेशासाठीचा आहे. नूतनीकरणाला तो लागू नाही, तिथे तीन महिनेच.

तारखा जुळवता आल्या तर जुळवा. सीओसीच्या नूतनीकरणावेळी टँकर एंडोर्समेंटला दोन वर्षं शिल्लक असली तरी दोन्ही एकत्र करून घेतलेली बरी, नाहीतर मधेच एखाद्या करारात फक्त टँकरचा कागद संपतो आणि टँकर कंपनी घेत नाही.

सुकाणूवरून

एलएनजी इंधनावरच्या जहाजांचं काय? म्हणजे टँकर नाही, कंटेनर किंवा कार कॅरिअर, पण इंधन वायूचं.

मॅनिफोल्ड

तो ५/३, आयजीएफ संहितेखालचा, म्हणजे वायू किंवा तत्सम इंधनावर चालणाऱ्या जहाजांच्या संहितेखालचा. त्यातही बेसिक आणि अॅडव्हान्स्ड, आणि पाच वर्षांनी रिफ्रेशर किंवा मागच्या पाच वर्षांत त्या दर्जाची क्षमता राखल्याचा पुरावा. पहिल्यांदा अॅडव्हान्स्ड घेताना किमान एक महिना सेवा आणि त्यात तीन बंकरिंग (जहाजात इंधन भरणं) लागतात. त्यांतली दोन मान्य सिम्युलेटरवर चालतात. बंकरिंगच्या तारखा, बंदर आणि तुमची जबाबदारी मास्टरच्या सहीने लिहून घ्या. नुसता महिना दाखवून भागत नाही.

ध्रुवीय पाण्याचं ५/४ आहे. त्यात पाच वर्षांत २ महिने सेवा पुरते, नाहीतर समतुल्य काम, परीक्षा किंवा कोर्स. प्रवासी जहाजांच्या ५/२ ला पाच वर्षांनी रिफ्रेशर.

लाइफबोट_नंबर_दोन

सहाव्या प्रकरणाचं अजून कोणी लिहिलं नाही, आणि नेमकं तेच फार लोक कमी लेखतात.

१/११ मधून सहावं प्रकरण वगळलेलं आहे. म्हणजे वर्षानुवर्षं समुद्रावर असलात तरी केवळ सेवेच्या जोरावर ही प्रमाणपत्रं नवी होत नाहीत. त्यांचा नियम वेगळा: दर पाच वर्षांनी क्षमता टिकवल्याचा पुरावा. हे लागू आहे जीवरक्षण तंत्र आणि अग्निप्रतिबंध-अग्निशमन या बेसिकच्या दोन भागांना, सर्व्हायव्हल क्राफ्ट आणि रेस्क्यू बोटच्या प्रावीण्याला, फास्ट रेस्क्यू बोटला आणि अॅडव्हान्स्ड फायर फायटिंगला. बेसिकमधलं प्राथमिक उपचार आणि वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदारी यांना कराराने पाच वर्षांची अट घातलेली नाही, जहाजाच्या सिक्युरिटी ऑफिसरच्या प्रमाणपत्रालाही नाही. मेडिकल केअरच्या रिफ्रेशरची अट काही झेंडे आणि कंपन्या स्वतःहून घालतात.

"जहाजावर दर आठवड्याला ड्रिल होतात, मग रिफ्रेशर कशाला?" हा प्रश्न नेहमीचा. करारानेच त्याचं उत्तर दिलं आहे. काही कौशल्यं जहाजावरच्या सरावाने राखली असं धरता येतं: लाइफजॅकेट घालणं, जहाजावरून सर्व्हायव्हल क्राफ्टमध्ये चढणं, चढल्यावरच्या पहिल्या कृती, सी-अँकर सोडणं, बोटीतली साधनं आणि रेडिओसह स्थानदर्शक उपकरणं वापरणं, श्वसनयंत्र वापरणं, ते घालून धुराच्या जागेत बचाव करणं. राहिलेली कौशल्यं मात्र किनाऱ्यावरच. उंचावरून पाण्यात उडी, उलटा पडलेला लाइफराफ्ट सरळ करणं, इमर्शन सूट घालून पाण्यात वावरणं, लाइफजॅकेटशिवाय तरंगणं, पाण्यातून क्राफ्टमध्ये चढणं, आणि प्रत्यक्ष आग विझवणं. बंदरातल्या ड्रिलमध्ये यातलं काहीच होत नाही. उलटा राफ्ट सरळ करताना वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं हे हाताला आठवावं लागतं, वाचून आठवत नाही. रिफ्रेशरला हजेरीपुरतं जाणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा. त्या दिवशी जीव वाचणार आहे तो या सरावावर.

संस्था निवडताना ती तुमच्या सीओसी देणाऱ्या प्रशासनाने मान्य केलेली आहे का ते पाहा. दुसऱ्या देशाच्या मान्यतेचा कोर्स आपल्याकडे आपोआप चालतो असं नाही.

बेसिकमध्ये एक बदलही झाला आहे: हिंसा आणि छळ, त्यात लैंगिक छळही, रोखण्याचा भाग वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदारीच्या क्षमतांमध्ये घातला गेला. तो १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे.

लंगर_टाकलेला

किनाऱ्यावर नोकरी घेतलेल्यांसाठी प्रश्न. सुपरिंटेंडंट किंवा प्रशिक्षण संस्थेत शिकवणारे. सीओसीची मुदत उलटून तीन-चार वर्षं झाली तर ती कायमची गेली का? पुन्हा पहिल्यापासून परीक्षा?

दर्यासारंग

कायमची जात नाही. नियमातच "किनाऱ्यावर काळ घालवून समुद्रावर परतू इच्छिणारे" असे शब्द आहेत. मुदत संपली म्हणजे ती सीओसी वापरून चढता येत नाही, एवढंच. परत यायचं तर वर सांगितलेल्या पाच मार्गांपैकी जो तुमचं प्रशासन मान्य करेल तो.

सर्वेक्षक, तांत्रिक किंवा मरीन सुपरिंटेंडंट, पायलट, सागरी शिक्षक यांचं काम समतुल्य धरायचं की नाही, आणि किती काळ, हे प्रशासन ठरवतं. ज्यांना हा मार्ग घ्यायचा आहे त्यांनी नेमणूकपत्रात हुद्दाच नव्हे तर काम लिहून घ्यावं: किती जहाजांची देखरेख, प्रत्यक्ष जहाजावर जाऊन केलेल्या तपासण्या, कोणते विषय शिकवले. "मॅनेजर, ऑपरेशन्स" या दोन शब्दांवरून कोणालाही समतुल्यता ठरवता येत नाही.

समतुल्य काम मान्य झालं नाही तर कोर्स किंवा परीक्षा. आणि मुदत जिवंत असेपर्यंतच नूतनीकरण करून घ्या असं कळकळीने सांगेन. किनाऱ्यावरच्या नोकरीच्या चौथ्या वर्षात कागद जमवणं सोपं असतं. आठव्या वर्षात सगळं एकदम करावं लागतं: वैद्यकीय, सहाव्या प्रकरणाचे सगळे रिफ्रेशर, जीएमडीएसएस, टँकर, आणि वर अपडेटिंग कोर्स.

परतणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. जुन्या प्रमाणपत्रावर एक्डिस (इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशांची यंत्रणा) नसलेल्या जहाजांपुरती मर्यादा लिहिलेली आहे का? एक्डिसचं प्रशिक्षण झालेलं नसेल तर ती मर्यादा एंडोर्समेंटवर येते आणि नूतनीकरणात तशीच पुढे सरकते. कोर्स करून ती काढायचा अर्ज वेगळा करावा लागतो. दुसरं, व्यवस्थापन पातळीच्या इंजिन अधिकाऱ्यांना १००० व्होल्टवरच्या यंत्रणेचं ज्ञान मनिला दुरुस्त्यांनी आवश्यक केलं आहे, त्याचा पुरावा आहे का पाहा.

झेंडा_आणि_शिक्का

आता परदेशी झेंड्याबद्दल.

जहाज ज्या देशाचं, त्या देशाने तुमच्या सीओसीला मान्यता देणारं एंडोर्समेंट द्यायचं, नियम १/१०. हे एंडोर्समेंट मूळ सीओसीच्या मुदतीपलीकडे जाऊ शकत नाही, आणि काहीही झालं तरी दिल्यापासून पाच वर्षांपलीकडे नाही. मूळ सीओसी संपली, निलंबित झाली किंवा रद्द झाली की हेही त्याच दिवशी संपतं, त्यावर पुढची कोणतीही तारीख छापलेली असली तरी.

लोक इथे फसतात ते असे: सीओसी वेळेत नवी केली, नवं प्रमाणपत्र नव्या क्रमांकाने किंवा नव्या तारखेने आलं, आणि झेंड्याचं एंडोर्समेंट अजून जुन्या प्रमाणपत्राचा हवाला देतं. तपासणीत दोन्ही कागद शेजारी ठेवले की जुळत नाहीत. म्हणून सीओसी हातात आली त्याच आठवड्यात कंपनीला पाठवून झेंड्याचा अर्ज करायला सांगा.

अर्ज गेला पण एंडोर्समेंट आलं नाही, अशा काळात जास्तीत जास्त तीन महिने काम करता येतं. त्यासाठी मूळ सीओसी वैध हवी आणि अर्ज केल्याचा पुरावा जहाजावर हवा. यालाच सगळे सीआरए (अर्ज मिळाल्याची पोच) म्हणतात. रेडिओ ऑफिसर आणि रेडिओ ऑपरेटरच्या पदाला ही सवलत नाही, त्यामुळे डेक अधिकाऱ्यांनी जीएमडीएसएसच्या मान्यतेबद्दल झेंड्याची भूमिका आधीच विचारून घ्यावी. तीन महिने म्हणजे तीन महिनेच. नवा अर्ज टाकून पुन्हा तीन महिने ओढणं ही कराराला अभिप्रेत गोष्ट नाही, आणि तपासणारा अधिकारी आधीच्या सीआरएची तारीख विचारतो.

व्यवस्थापन पातळीच्या अधिकाऱ्यांना झेंड्याच्या देशाच्या सागरी कायद्याचं ज्ञानही दाखवावं लागतं. काही झेंडे त्यासाठी छोटी परीक्षा घेतात, काही घोषणापत्र घेतात. सीआरए घेऊन जहाजावर पोचल्यावर हे राहिलं असल्याचं कळणं वाईट.

सुकाणूवरून

कागद जमवायला सुरुवात कधी करावी? आणि इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्र चालतं का आता? मूळ प्रत जहाजावर हवीच असं ऐकत आलो आहे.

नोंदवही

सुरुवातीबद्दल: मुदतीच्या दीड वर्ष आधी हिशोब, एक वर्ष आधी कृती. कारण पुढच्या दोन करारांत नेमकं कधी किनाऱ्यावर असाल ते त्यावर ठरतं. समुद्रसेवा कमी पडते आहे हे दीड वर्ष आधी कळलं तर एका कराराने ती भरून निघते. दोन महिने आधी कळलं तर कोर्स किंवा परीक्षाच उरते.

क्रम असा ठेवा. आधी सेवेची बेरीज, सीमन्स बुकावरून, दिवसांत. मग सेवापत्रं, गहाळ असतील ती. मग सहाव्या प्रकरणाचे रिफ्रेशर, कारण त्यांच्या बॅचच्या जागा आपल्या हातात नसतात. वैद्यकीय शेवटी, कारण त्याचं आयुष्य सगळ्यात कमी. ते आधी काढून ठेवलं तर अर्ज मंजूर होईपर्यंत त्यातले काही महिने वाया गेलेले असतात. पासपोर्ट, सीमन्स बुक आणि जुनी सीओसी यांवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का तेही याच वेळी पाहा. नावातला एक अक्षरफरकही नव्या प्रमाणपत्रात उतरला की झेंड्याच्या अर्जात पुन्हा अडतो.

नवी सीओसी आली की लिफाफा उघडून तिथेच वाचा. हुद्दा, नियमक्रमांक, टनेज किंवा किलोवॅट, मर्यादा, तारखा. मग प्रशासनाच्या संकेतस्थळावर आपली नोंद उघडून पाहा. प्रमाणपत्राची स्थिती इंग्रजीत इलेक्ट्रॉनिक मार्गाने तपासता येणं १ जानेवारी २०१७ पासून सगळ्या सदस्य देशांवर बंधनकारक आहे, आणि कंपन्या व पोर्ट स्टेटचे अधिकारी तिथेच पाहतात. हातात नवा कागद आणि नोंदीत जुनी मुदत असेल तर साइन-ऑनच्या आधी दुरुस्त करून घ्या.

झेंडा_आणि_शिक्का

इलेक्ट्रॉनिकबद्दल: मूळ प्रत जहाजावर हवी हा नियम १/२ मधला. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक स्वरूपातलं प्रमाणपत्रही त्यात बसतं. पण इलेक्ट्रॉनिक म्हणजे प्रशासनाने त्या स्वरूपात दिलेलं आणि पडताळता येणारं. कागदी सीओसीचा मोबाइलवर काढलेला फोटो किंवा स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्र नव्हे. तुमच्या प्रशासनाने कागदीच दिली असेल तर जहाजावर कागदीच न्या. इलेक्ट्रॉनिक असेल तर पडताळणीचा क्रमांक किंवा कोड जहाजाच्या फायलीत छापून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही अधिकाऱ्याला तो देता येतो आणि तो स्वतःच्या यंत्रणेवर तपासू शकतो.

इंजिनकंट्रोल

ईटीओंचा (इलेक्ट्रो-टेक्निकल अधिकाऱ्यांचा) उल्लेख पहिल्या पोस्टमध्ये आहे, म्हणून स्पष्ट करतो. ३/६ ची सीओसी ही अधिकाऱ्याची सीओसी आहे, तिला १/११ पूर्ण लागू, म्हणजे १२ किंवा ३ महिन्यांचा तोच हिशोब. रेटिंगच्या (अधिकारी नसलेल्या खलाशांच्या) प्रमाणपत्रांना, ३/७ च्या इलेक्ट्रो-टेक्निकल रेटिंगलाही, १/११ चं पाच वर्षांचं नूतनीकरण लागू नाही. पण वैद्यकीय आणि सहाव्या प्रकरणातले त्यांना लागू असलेले रिफ्रेशर त्यांनाही चुकत नाहीत. ३/७ वरून ३/६ ला गेलेल्यांनी हे लक्षात ठेवावं: नव्या सीओसीच्या तारखेपासून पाच वर्षांचं घड्याळ चालू झालेलं असतं, आणि त्यापुढची सेवापत्रं ईटीओ या हुद्द्याचीच घ्यायची.